चिठ्ठी नसलेली पिशवी

रणातल्या बेटावर सर्वेक्षणाला निघालं की समोर बघायचं नसतं. कोकणातल्या खाडीकाठी वाढल्यामुळे मला पाण्याकडे बघत चालायची सवय, आणि कच्छच्या मोठ्या रणात पहिल्याच सकाळी ती मोडावी लागली. समोर डोळे दिपवणारं मीठ पार आभाळाला टेकलेलं, आणि आमची रांग मात्र माना खाली घालून चाललेली. सहा माणसं, दोघांच्या मधे दहा मीटर. दोन्ही टोकांच्या माणसांकडे जीपीएस. कुणाला काही दिसलं की त्याने हात वर करायचा. हात वर गेला की अख्खी रांग जागच्या जागी थांबते, तो माणूस तिथे तारेची लाल झेंडी खोचतो, आणि रांग पुन्हा निघते. उचलायचं काहीच नाही. पहिली फेरी फक्त झेंड्यांची.

हे उजाडल्यापासून साडेनऊपर्यंत, आणि मग दुपारी चारनंतर. मधल्या वेळात ऊन डोक्यावर येतं आणि जमीन नुसती फिकट पाट्यासारखी दिसते. तिरप्या उन्हात मात्र नखाएवढ्या दगडालाही सावली असते, आणि माणसाने फोडलेल्या दगडाची कड वेगळी चमकते. ती चमक ओळखायला मला जवळजवळ दोन आठवडे लागले.

पुण्यात पुरातत्त्वाचं एम. ए. करून मी या मोहिमेत गेले होते. जानेवारी-फेब्रुवारीचे सहा आठवडे. बेटाचं नाव मी इथे लिहीत नाही, ते मुद्दाम. अशा जागेचा नेमका पत्ता छापून आला की धन शोधणारे फावडं घेऊन तिथे पोचतात, आणि ज्या जागेला ना कुंपण ना पहारेकरी, तिचं रक्षण करायला आपल्या हातात एवढंच असतं. इतकं सांगते, की मोठ्या रणात पच्छम, खडीर, बेला अशी जी बेटं आहेत, त्यांच्यातलीच ही एक जमीन. ‘बेट’ हा शब्द तिथे अलंकारिक नाही. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा समुद्राचं पाणी आत लोटतो, वरून नद्यांचं पाणी येतं, आणि काही महिने या जमिनी खरोखरच पाण्याने वेढल्या जातात. मग पाणी आटतं आणि मीठ उरतं.

कच्छ म्हटलं की लोकांना धोळावीरा हे हडप्पा संस्कृतीचं शहर आठवतं, आणि आठवायलाच हवं. जगत्पती जोशींनी १९६७-६८ मध्ये ते स्थळ उजेडात आणलं, १९९० पासून आर. एस. बिष्ट यांनी तिथे अनेक वर्षं उत्खनन केलं, २०२१ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं. दगडी तट, पावसाचं पाणी साठवणारे प्रचंड हौद, दहा चिन्हांची ती पाटी. पण आम्ही शोधत होतो ते शहराच्या आधीचं. ज्यांनी तट बांधला नाही, मडकंही घडवलं नाही, जे खाडीच्या कडेला येऊन बसले, जेवले आणि निघून गेले, त्यांचं काही उरलंय का? गुजरातमध्ये हा प्रश्न पहिल्यांदा नीट धसाला लावला तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळियांनी. १९४१ पासून ते साबरमतीच्या खोऱ्यात हिंडले, आणि पुढे लांघणजला वाळूच्या टेकड्यांवर मध्याश्मयुगीन माणसांची दगडी हत्यारं आणि दफनं त्यांना मिळाली. आमच्या अभ्यासक्रमात हे सगळं होतं. मी परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिलं होतं. पण वाळूवर पडलेलं ते हत्यार दिसतं कसं, हे मला काडीचंही ठाऊक नव्हतं.

निघण्याआधी दोन महिने पुण्यात नकाशांवर काम चाललं होतं. परवान्यांचं सांगत बसत नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी, सीमा जवळ म्हणून पोलीस आणि सीमा सुरक्षा दलाची परवानगी, प्रत्येकाच्या ओळखपत्राच्या प्रती. वेळ लागतो, पण होतं. मला रमवलं ते कोरोना उपग्रहाच्या फोटोंनी. शीतयुद्धात अमेरिकेने हेरगिरीसाठी १९६० ते १९७२ या काळात काढलेले हे कृष्णधवल फोटो १९९५ साली खुले झाले. आजच्या उपग्रहचित्रात बेटाच्या अर्ध्या भागावर वेडी बाभूळ माजलेली दिसते, कच्छी लोक तिला गांडो बावळ म्हणतात. जुन्या फोटोत ती नाही. जमिनीचा उघडा रंग दिसतो, जुन्या ओहोळांच्या वाटा दिसतात, कुठे कुठे फिकट डाग दिसतात. अशा एकोणीस डागांवर आम्ही पेन्सिलीने गोल केले होते. त्यांतले बहुतेक निव्वळ खारट मातीचे निघाले, हे पुढे कळलं.

पहिले दोन आठवडे माझे सगळे हात चुकीचे वर गेले. वाळवंटात दगड आपोआपही फुटतात. दिवसाचं ऊन आणि रात्रीची थंडी यांनी गारगोटीची टवकी उडते आणि तिथे गोल, उथळ खळगा राहतो. मला तो प्रत्येक खळगा माणसाचा वाटे. आमच्या ताई, म्हणजे दगडी हत्यारांचा अभ्यास करणाऱ्या ज्येष्ठ सहकारी, दर वेळी माझ्या झेंडीशी येऊन गुडघ्यावर बसत आणि न कंटाळता समजावत. ‘‘घाव कुठे बसलाय ते दाखव.’’ माणसाने टवका काढला असेल तर घाव बसल्या जागी लहानसा सपाट कट्टा असतो, त्याच्या खाली किंचित फुगवटा, आणि फुगवट्यापासून पाण्यात खडा पडल्यावर उठाव्यात तशा बारीक लाटा. उन्हाने उडालेल्या टवक्याला घावच नसतो. आधी उन्हाने फुटलेले पन्नास दगड हातात घेऊन बघ, मग माणसाचे बघ, असं त्यांनी सांगितलं, आणि मी दुपारच्या रिकाम्या वेळात तंबूच्या सावलीत तेच करत बसले. बोटांना आधी कळलं, डोळ्यांना नंतर. एका संध्याकाळी परतीच्या वाटेवर मी खाली न वाकता हात वर केला, आणि ताई दुरूनच ‘‘हो, हो!’’ म्हणाल्या. जेमतेम दोन सेंटिमीटरचं कॅल्सेडनीचं, म्हणजे गारगोटीच्या जातीच्या गुळगुळीत दगडाचं पातं होतं, दुधात एक थेंब चहा पडावा तशा रंगाचं. अशी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत ओळीने बसवून त्यांचा सुरा नाहीतर बाण करत. एखादं मोडलं तर तेवढंच बदलायचं.

तरीही आमच्या सगळ्यात मोलाच्या जागेवर आम्हाला आमच्या रांगेने नेलं नाही.

एक मालधारी काका दोन दिवस शेळ्या घेऊन आमच्या आसपास होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी जवळ येऊन सरांना, म्हणजे आमच्या मोहिमेच्या प्रमुखांना विचारलं, तुमचं काय हरवलंय? सहा माणसं माना खाली घालून मैलोन्‌मैल फिरतायत म्हणजे काहीतरी हरवलंच असणार. सरांनी हसून खिशातला टवका दाखवला आणि जुन्या लोकांच्या वस्तू शोधतोय म्हणून सांगितलं. काकांनी दगडाकडे फारसं लक्ष दिलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘बेन, त्यां तो दरियानो माल पड्यो छे,’’ आणि काठीने वायव्येकडे दाखवलं. तिकडे समुद्राचा माल पडलाय. आमच्या आखणीप्रमाणे त्या कोपऱ्यात पोचायला अजून नऊ दिवस होते. काकांच्या मागून आम्ही अर्ध्या तासात पोचलो.

तिथे शंखांचा ढीग होता. ढीग म्हणजे टेकडी नव्हे. गुडघ्याएवढाही उंच नाही, वीस-बावीस पावलं लांब आणि त्याच्या निम्मा रुंद. बेटाच्या तपकिरी उतारावर, आजच्या रणाच्या पातळीपासून थोडा वर, करडा-पांढरा पट्टा. जवळ गेल्यावर पायाखाली कुरकुर वाजली आणि सर मोठ्याने ओरडले, ‘‘थांबा, मागे या, आलात त्याच पावलांवर!’’ त्यांना मोठ्याने बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

सगळे लांबट, जाड कवचाचे, मळसूत्रासारखे शंख. शास्त्रीय नाव टेरेब्रॅलिया पालुस्ट्रिस. हा प्राणी खारफुटीच्या चिखलात राहतो, सहसा दुसरीकडे नाही. म्हणजे जिथे आता क्षितिजापर्यंत गवताची काडी नाही, तिथे पायथ्याशी कधीकाळी तिवरांचं रान होतं आणि भरतीचं पाणी येत-जात होतं. सुमारे ६००० वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा थोडा वर होता आणि रण हे उथळ आखात होतं, हे वाचलेलं होतं. पुढे नद्यांनी आणलेला गाळ आणि भूकंपांनी हललेली जमीन यांनी ते भरत गेलं. ओमान आणि अमिरातींच्या किनाऱ्यावरच्या प्राचीन ढिगांतही हाच शंख सापडतो. खडीर आणि आसपासच्या बेटांवरचे हडप्पापूर्व काळातले शंखांचे ढीग आयआयटी गांधीनगरच्या अभ्यासकांनी अलीकडेच प्रकाशात आणले आहेत. पण त्या सकाळी मला हे काहीच आठवलं नाही. मला आमच्या घरामागचा ढीग आठवला.

आई ओहोटीला कालवं काढायला जाते. टोपलीभर आणून मागच्या पडवीत बसून फोडते, आणि कवचं माडाच्या आळ्याजवळ टाकते. माझ्या जन्माआधीपासून तिथे तो ढीग आहे. मी हे बोलून दाखवलं तर सर म्हणाले, ‘‘त्या ढिगात आणखी काय काय असतं, आठवून लिही बरं. खरंच लिही.’’ मी वहीच्या मागच्या पानावर लिहिलं: चुलीतली राख. माशांचे काटे. फुटलेल्या खापराच्या कडा. कवचं सगळी साधारण एकाच मापाची, कारण बारकी आई घेतच नाही. प्रत्येक कवच एकाच बाजूने फुटलेलं. वाऱ्याच्या उलट बाजूला टाकलेलं, घराकडे वास येऊ नये म्हणून. आणि ढिगाच्या मधोमध काम कोणी करत नाही, कडेला बसून करतं.

पुढचे तीन आठवडे ती यादी आमच्या कामी आली. समुद्राने स्वतः लोटून आणलेल्या शंखांत लहान-मोठे सगळे असतात, कवचाच्या आतल्या बाजूलाही बार्नेकल चिकटलेले असतात, किड्यांनी भोकं पाडलेली असतात, कारण ते प्राणी मेल्यावर बराच काळ पाण्यात पडून राहिलेले असतात. इथे तसं नव्हतं. पूर्ण वाढलेलेच शंख, आतून स्वच्छ, आणि तोंडाकडची कडा दगडाने ठेचून फोडलेली. मधे मधे काळपट माती. ताईंनी ती चिमटीत घेऊन पाण्याच्या वाटीत सोडली, आणि कोळशाचे कण तरंगले.

आता नोंदणी. लोकांना वाटतं शोध म्हणजे पुरातत्त्व. माझे त्या मोहिमेतले दहातले आठ तास दोऱ्या ताणण्यात आणि कागद भरण्यात गेले, आणि मला ते आवडले. ढिगावर एक मीटरच्या चौकोनांचं जाळं टाकलं, उत्तर-दक्षिण अक्षरं आणि पूर्व-पश्चिम आकडे. बाहेरही चारी बाजूंना पाच पाच मीटर नेलं. प्रत्येक चौकोनाचा फोटो, त्यात उत्तरबाण, सेंटिमीटरची पट्टी आणि चौकोनाचं नाव लिहिलेली पाटी, आणि स्वतःची सावली चौकटीत पडू द्यायची नाही. सीमेमुळे ड्रोन उडवायची सोय नव्हती, म्हणून लांब बांबूच्या टोकाला कॅमेरा बांधून वरून फोटो घेतले, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग येईल असे, म्हणजे नंतर संगणकावर जोडून ढिगाचा उंच-सखलपणाही उभा राहतो. मग मोजणी. फुटलेल्या शंखांचे तुकडे मोजले तर एकाच शंखाची चार वेळा गणती होते. पण शंखाला निमुळतं टोक एकच असतं, म्हणून फक्त टोकं मोजायची. गुडघ्यावर बसून, एका हातात टिचकीचा गणक. काही चौकोनांत दीडशेच्या वर टोकं भरली. शंख तिथेच ठेवायचे. बरोबर न्यायची ती फक्त दगडाची हत्यारं, टवके आणि ठराविक चौकोनांतले नमुने.

फॉर्मवर एक रकाना होता, ‘माहिती कोणाकडून’. सरांनी तिथे मालधारी काकांचं नाव, वाडी, तारीख, आणि त्यांनी वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहायला लावले. काकांनी काठीने दाखवलेली वाटसुद्धा नकाशावर आखली. मला हे योग्य वाटतं आणि ते सगळीकडे व्हायला हवं. जागा ‘सापडली’ असं आपण लिहितो तेव्हा ती ज्याला आधीपासून ठाऊक होती, तो माणूस कागदावरून पुसला जातो.

आणि आता त्या पिशवीबद्दल.

आमचा मुख्य प्रश्न होता तो असा. ढिगाच्या पश्चिम कडेला दगडी हत्यारं दाट मिळत होती, आणि शंख मधे दाट होते. शंख खाणारे आणि हत्यारं घडवणारे लोक एकच, का एका काळातल्या लोकांच्या उष्ट्या ढिगाशेजारी दुसऱ्या काळातले लोक येऊन बसले होते? पृष्ठभागावर सगळंच एका पातळीवर पडलेलं असतं, वारा दोन हजार वर्षांचं अंतर एका रेषेत आणून ठेवतो. म्हणून कुठल्या चौकोनात शंख आणि हत्यारं एकमेकांत मिसळलेली आहेत आणि कुठल्या चौकोनात नाहीत, यावर बरंच काही अवलंबून होतं. ‘एफ ७’ हा चौकोन शंखांच्या आत येत होता. ‘एफ ८’ बाहेर.

नियम असा, की प्रत्येक पिशवीला दोन चिठ्ठ्या. एक पिशवीच्या आत, एक बाहेर बांधलेली, आणि दोन्ही पेन्सिलीने, कारण शाई खारट दमट हवेत पसरते. त्या दिवशी वारा सुटला होता. झेंड्या फडफडत होत्या, फॉर्मचे कागद दगडाखाली ठेवावे लागत होते. माझा चिठ्ठ्यांचा गठ्ठा जीपमध्ये राहिला होता आणि मला उठून जायचा कंटाळा आला. मी पिशवीवरच मार्करने चौकोनाचं नाव लिहिलं, आत काहीच टाकलं नाही, संध्याकाळी चिठ्ठ्या करू म्हणून. तीन पिशव्या. संध्याकाळी सगळ्या पिशव्या एका बादलीत घासत, घासटत मुक्कामावर आल्या. दोन पिशव्यांवरचं अक्षर पुसट का होईना, वाचता आलं. तिसरीवर फक्त निळसर डाग होता.

मी ती पिशवी थाळीत रिकामी केली. त्या हंगामातलं सगळ्यात देखणं सामान तिच्यात होतं. एक्केचाळीस नग. पाती काढून संपत आलेला बारका गाभा, त्या गाभ्यावर परत जुळेल असं वाटणारं एक पातं, दोन चंद्रकोरी, म्हणजे त्या आकाराची बारकी हत्यारं, एकीची पाठ इतक्या बारकाईने बोथट केलेली की भिंगाखाली ती शिवणीसारखी दिसत होती. आणि शिंपल्याचा एक मणी, साबुदाण्याच्या दाण्याएवढा.

‘एफ ७’ का ‘एफ ८’? मी डोळे मिटून जागा आठवायचा प्रयत्न केला. माझा गुडघा कुठे टेकला होता, ऊन कुठल्या गालावर होतं. फोटो बघितले, पण फोटोत एवढे बारके नग ओळखू येत नव्हते. दोन्ही चौकोनांचे फॉर्म मी काम संपल्यावर एकदमच भरले होते, आणि दोन्हींवर ‘सूक्ष्मास्त्रे, दाट’, म्हणजे बारकी दगडी हत्यारं पुष्कळ, एवढंच होतं. रात्री सरांना सांगितलं. जेवण झालं होतं, ते हात धूत होते.

‘‘कुठला वाटतो?’’

‘‘बहुतेक एफ सात.’’

‘‘खात्री आहे?’’

नव्हती. मला एफ सात हवा होता, कारण त्याने उत्तर सोपं झालं असतं. शंखांच्या मधे बसून हत्यारं घडवणारी माणसं मला दिसू लागली होती, आमच्या पडवीत बसलेल्या आईसारखी. आपल्याला काय हवंय, ते हळूच आठवणीच्या जागी येऊन बसतं, हे त्या क्षणी मला लख्ख कळलं आणि मी घाबरले. मी नाही म्हणाले.

‘‘मग तसंच लिही,’’ सर म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मी कार्डावर लिहिलं: ‘स्थान निश्चित नाही. एफ ७ किंवा एफ ८. चिठ्ठी ठेवली नव्हती.’ खाली माझं नाव आणि तारीख. आजही कुणी ती नोंदवही उघडली तर माझ्या अक्षरात ते तिथे आहे, आणि ते तिथे असायलाच हवं.

त्या रात्री मला झोप आली नाही. हजारो वर्षं ते एक्केचाळीस दगड एका जागी होते. वारा, मीठ, शेळ्या, भूकंप, कशानेही त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं पूर्ण तुटलं नव्हतं. ते मी एका दुपारी तोडलं. फुटलेलं मडकं जोडता येतं. हे जोडता येत नाही.

संध्याकाळचं कामही सांगायला हवं, कारण त्याशिवाय दिवसाचं काम वाया जातं. नग मऊ ब्रशने धुवायचे, सावलीत वाळवायचे, मग नेलपॉलिशच्या पारदर्शक थरावर बारीक निबाने स्थळाचं सांकेतिक नाव, चौकोन आणि क्रमांक लिहायचा, वर पुन्हा एक थर. रेखाटन आलेख कागदावर, दुपटीने मोठं. प्रकाश नेहमी डाव्या वरच्या कोपऱ्यातून येतो असं धरून लाटा काढायच्या. एका चंद्रकोरीला मला पहिल्यांदा दीड तास लागला. बेटावर वीज जाई तेव्हा बॅटरीच्या दिव्यात काढत बसायचो, बाहेर जीपच्या टपावर कुणीतरी मोबाइलला सिग्नल शोधत उभं, आणि स्वयंपाक करणाऱ्या बेन बाजरीचा रोटला आणि लसणाची चटणी तयार असल्याची हाक देत.

गावातल्या शाळेत आम्ही दोनदा गेलो. मुलांनी बिस्किटांच्या डब्यातून वस्तू आणल्या: रंगीत खापरं, अकीकाचा मणी, एक जुनं तांब्याचं नाणं. आम्ही काही घेतलं नाही. फोटो काढले, कुठे सापडलं ते मुलांनाच नकाशावर दाखवायला सांगितलं, आणि डबा गुरुजींच्या कपाटात ठेवला. मोठ्या माणसांचे प्रश्न वेगळे होते. सोनं निघालं का, हा पहिला. जमीन सरकार घेणार का, हा दुसरा, आणि तो खरा. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरवर निर्बंध असतात, हे त्यांना ऐकून माहीत होतं. तो नियम घोषित केलेल्या स्मारकांनाच लागू होतो, नुसत्या नोंद झालेल्या जागेला नाही, हे सरांनी दोनदा समजावलं. तरी एका शेतकऱ्याच्या चेहऱ्यावरचा संशय गेला नाही. मी त्याला दोष देणार नाही. जमिनीत सापडलेला दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाचा ठेवा कळवलाच पाहिजे असं सांगणारा कायदा १८७८ सालचा आहे आणि अजून लागू आहे. जुन्या वस्तू सापडणं ही इथल्या माणसाला आनंदाची बातमी वाटावी, असं त्याच्या अनुभवात फार काही घडलेलं नाही. पुढच्या भेटीत आम्ही त्याच्या बांधावरच्या टींब्याचा, म्हणजे जुन्या वस्तीच्या उंचवट्याचा नकाशा छापून त्याला दिला, त्याच्या शेताच्या नावासकट. तो त्याने घरात लावला.

पुढच्या वर्षी आम्ही परत गेलो तेव्हा ढिगाच्या पूर्व टोकातून पाइपासाठी सरळ चर गेलेला होता. कंबरेएवढा खोल. पाणी गावाला हवंच होतं. चर चार मीटर पलीकडून नेता आला असता, पण तिथे काय आहे हे चर आखणाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं. आमचा अहवाल तेव्हा अजून टंकलेखनात होता. मालधारी काका तिथेच होते. यंत्रवाल्याला मी थांबवायला गेलो होतो, असं त्यांनी सांगितलं. त्याने ऐकलं नाही.

सर चराच्या कडेवर बसून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, छेद तासून घ्या. पाइप बसून चर बुजायच्या आत आमच्याकडे पाच दिवस होते. करणीने भिंत सरळ तासली, दोरी समपातळीत बांधली, आणि वरपासून खालपर्यंत प्रत्येक थर रेखाटला. वर सैल वाळू, मग शंखांचा जाड थर, मधे राखेची दोन बोटांची रेघ, पुन्हा शंख, खाली चिकट करडा गाळ. राखेच्या रेघेतून कार्बनच्या पद्धतीने वय काढण्यासाठी कोळसा घेतला, शक्यतो बारीक काटक्यांचा, कारण जुनाट खोडाचं लाकूड जाळलेलं असेल तर तारीख उगाच मागे जाते. शंखही घेतले, पण त्यांच्या तारखेवर एकटा भरवसा ठेवता येत नाही. समुद्राच्या पाण्यात जुना कार्बन मिसळलेला असतो, त्यामुळे सागरी कवचं साधारण ४०० वर्षं जास्त म्हातारी दिसतात. त्यातही हा शंख तिवराची गळलेली पानं खातो, म्हणजे त्याच्या कवचात जमिनीवरचाही कार्बन येतो. म्हणून एकाच थरातला कोळसा आणि शंख शेजारी शेजारी तपासायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी, राखेच्या रेघेच्या जरा वर, दोन शंखांच्या मधे दाबून बसलेली कॅल्सेडनीची कड मला दिसली. वाऱ्याने आणून टाकलेली नाही, वरून घसरलेली नाही, थराच्या आत. शंख तिच्या वरही होते आणि खालीही. मी हात वर केला. खरं तर आम्ही रांगेत नव्हतो, दोघीच होतो, पण हात आपोआप वर गेला. ताईंनी फोटो घेतले, मी तीन बाजूंनी मापं घेतली, छेदाच्या रेखाटनावर ठिपका काढला, क्रमांक दिला. मग बांबूच्या काडीने माती सोडवून ते पातं पिशवीत घातलं. पेन्सिलीने दोन चिठ्ठ्या लिहिल्या आणि ताईंना मोठ्याने वाचून दाखवल्या.

ती जुनी पिशवी फळीवर आहे. कार्ड अजून तिला बांधलेलं आहे. वितरणाच्या नकाशात तिच्यातला एकही नग धरलेला नाही. त्या दोन चंद्रकोरी आता नव्याने आलेल्या मुलांना रेखाटनाच्या सरावासाठी देतात.